किनाऱ्यावरच्या नोंदी जुळवताना: स्थळ आणि काळ यांची अंदाजे जुळणी, टप्प्याटप्प्याने

रत्नागिरीच्या बंदरावरच्या नोंदवहीत ‘मिरकरवाडा, सकाळी ७’ असे लिहिलेले असते आणि त्याच नौकेवरच्या, स्थान नोंदवणाऱ्या ट्रॅकरचा बिंदू ६ वाजून ४१ मिनिटांनी धक्क्यापासून १८० मीटरवर पडलेला असतो. दोन्ही नोंदी एकाच फेरीच्या आहेत हे वाचणाऱ्याला लगेच कळते. डेटाबेसच्या साध्या जोडणीला मात्र ७:०० आणि ६:४१ या दोन वेगळ्या वेळा असल्यामुळे ती जोडी लागत नाही. म्हणून स्थळ आणि काळ यांची अंदाजे जुळणी करावी लागते. मत्स्यव्यवसायाचे विद्यार्थी, मच्छीमार संस्थांचे हिशेब पाहणारे आणि किनाऱ्यावरच्या नोंदींवर काम करणारे अभ्यासक ही जुळणी करतात, पण त्यांतले बरेच जण ‘सर्वांत जवळची नोंद आण’ एवढी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) लिहून थांबतात. सर्वांत जवळची नोंद नेहमीच सापडते, ती शंभर किलोमीटरवर असली तरी सापडते, आणि निकालाच्या टेबलात ती खऱ्या जोडीइतकीच नीटनेटकी दिसते.

पुढील उदाहरणे पोस्टग्रेएसक्यूएल ही डेटाबेस-प्रणाली आणि तिचा स्थळांसाठीचा पोस्टजीआयएस हा विस्तार धरून दिली आहेत. दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी फंक्शनांची नावे बदलतील, टप्प्यांचा क्रम बदलणार नाही.

१. क्वेरीला हात लावण्यापूर्वी: प्रत्येक रकाना कसा भरला गेला ते लिहून काढा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो आणि बहुतेक चुकांचे मूळ इथेच असते. नोंदवहीतली वेळ नौका धक्क्याला लागल्याची आहे, मासळी उतरवून झाल्याची आहे, की लिलाव सुरू झाल्याची आहे, हे नोंद करणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. लिलावाची वेळ असेल तर ती नौकेच्या आगमनानंतरच असणार; म्हणजे फरक दोन्ही बाजूंना सारखा नसून एकाच बाजूला झुकलेला आहे. अशा रकान्यासाठी ‘एक तास पुढे किंवा मागे’ ही मर्यादा चुकीची ठरते. ‘नोंदीच्या वेळेपूर्वी तीन तासांपर्यंत आणि नंतर दहा मिनिटांपर्यंत’ अशी असमान मर्यादा तिथे योग्य असते.

स्थळाच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारावा. हर्णै येथे पारंपरिक पद्धतीने मोठ्या नौका किनाऱ्यापासून दूर नांगर टाकतात आणि मासळी छोट्या होड्यांतून व बैलगाड्यांतून वाळूवर येते. नोंदवहीत ‘हर्णै’ असते, ट्रॅकर मात्र नांगर टाकलेल्या जागेचा असतो. मिरकरवाड्याला नौका थेट धक्क्याला लागतात. त्यामुळे दोन्ही बंदरांना एकच अंतरमर्यादा लावली, तर एका ठिकाणी खऱ्या जोड्या सुटतील किंवा दुसऱ्या ठिकाणी खोट्या जोड्या शिरतील.

केवळ तारीख असलेल्या नोंदी आणि पहाटेच्या नोंदी वेगळ्या काढून ठेवाव्यात. तारीख वेळेच्या रकान्यात भरली की डेटाबेस तिला मध्यरात्रीचे ००:०० चिकटवतो आणि मग ‘जवळची वेळ’ शोधताना मध्यरात्रीचे बिंदू जिंकतात. पहाटे दोनला आलेल्या नौकेची नोंद काही ठिकाणी आदल्या दिवसाच्या पानावर होते, कारण लिहिणाऱ्याच्या लेखी तो दिवस अजून संपलेला नसतो.

तपासा: प्रत्येक रकान्यासमोर ‘कोणी लिहिले, केव्हा लिहिले, किती चुकू शकते, कोणत्या बाजूला चुकू शकते’ ही चार उत्तरे आहेत का? एकाचेही उत्तर नसेल तर पुढे जाऊ नये.

२. स्थळ एका मापात आणा

पहिली चूक अंश आणि मिनिटांची. रत्नागिरीचे स्थान साधारण १६ अंश ५९ मिनिटे उत्तर, ७३ अंश १८ मिनिटे पूर्व असे आहे. मिनिटांना साठने भागून ते १६.९८३ आणि ७३.३०० असे लिहायला हवे. घाईत ते १६.५९ आणि ७३.१८ असे लिहिले जाते. हा चुकलेला बिंदू सुमारे ४४ किलोमीटर दक्षिणेला आणि १३ किलोमीटर पश्चिमेला सरकतो, म्हणजे विजयदुर्गासमोरच्या समुद्रात पडतो. नौकेचा बिंदू समुद्रात पडला तर कोणालाही शंका येत नाही, म्हणूनच ही चूक जमिनीवरच्या नोंदींपेक्षा मासेमारीच्या नोंदींत अधिक काळ टिकते. ती पकडण्याचा सोपा मार्ग असा आहे की, दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक सगळ्या नोंदींसाठी मोजावेत. ६० ते ९९ हे अंक एकदाही येत नसतील, तर तो दशांश अंशांचा रकाना नाही. ती मिनिटे आहेत.

दुसरी चूक क्रमाची. एसटी_मेकपॉइंट हे फंक्शन आधी रेखांश आणि मग अक्षांश घेते, आपण बोलताना उलटे बोलतो. उलट भरलेला रत्नागिरीचा बिंदू ७३ उत्तर, १७ पूर्व, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जातो. शून्य-शून्य असलेले बिंदू ट्रॅकरला उपग्रह न मिळाल्याचे असतात. ते काढून टाकावेत.

तिसरी चूक अंशांना अंतर समजण्याची. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर असतो, तर १७ अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटर भरतो. ‘०.०१ अंशाच्या आत’ अशी अट लिहिली की उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम मर्यादा वेगळी होते आणि ती मीटरमध्ये किती आहे हे कोणालाच डोळ्यांसमोर राहत नाही. यावर दोन उपाय आहेत: बिंदू ‘जिऑग्राफी’ या प्रकारात ठेवावेत, म्हणजे अंतर थेट मीटरमध्ये मिळते, किंवा ते ईपीएसजी ४३२६ मधून ईपीएसजी ३२६४३ मध्ये बदलावेत (ईपीएसजी हे निर्देशांक-पद्धतींचे क्रमांक; पहिली अंशांत, दुसरी मीटरमध्ये). ३२६४३ हा यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-पद्धतीचा ४३ उत्तर पट्टा ७२ ते ७८ रेखांशांसाठी असल्यामुळे डहाणूपासून रेड्डीपर्यंतचा किनारा पूर्णपणे त्यात बसतो. मात्र खोल समुद्रात ७२ रेखांशाच्या पश्चिमेला जाणाऱ्या नौकांसाठी जिऑग्राफीच बरी.

सावधान: एसटी_सेटएसआरआयडी फक्त लेबल बदलते, आकडे बदलत नाही. आकडे बदलण्याचे काम एसटी_ट्रान्सफॉर्मचे आहे.

बंदरांची नावे जुळवायची असतील तर अक्षरांची एकरूपता आधी करावी. ‘मिऱ्या’ हे नाव दोन प्रकारे टंकित होते: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावलेले असते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण डेटाबेस त्यांना वेगळे मानतो. हर्णै आणि हर्णे, वेंगुर्ला आणि वेंगुर्ले अशा रूपांसाठी हाताने केलेले छोटे पर्यायी नावांचे टेबल हे अक्षरसाम्य मोजणाऱ्या कोणत्याही युक्तीपेक्षा भरवशाचे असते. शिवाय नांदगाव मुरूड तालुक्यातही आहे आणि कणकवली तालुक्यातही. म्हणून नावासोबत तालुका असायलाच हवा.

३. वेळ एका घड्याळावर आणा

ट्रॅकर सहसा यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ देतो, नोंदवही भारतीय प्रमाणवेळेत असते, आणि फरक साडेपाच तासांचा. ६:४१ चा बिंदू १:११ ला दिसू लागतो. किनाऱ्यावर ही चूक विशेष महागात पडते, कारण आपल्याकडे पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत साधारण सहा तास बारा मिनिटे लागतात. साडेपाच तासांचा घोटाळा झाला की भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी येते आणि सगळा निष्कर्ष उलटतो.

वेळेसाठी ‘टाइमस्टॅम्पटीझेड’ हा कालपट्टा (टाइम झोन) लक्षात घेणारा प्रकार वापरावा आणि माहिती भरतानाच कोणता रकाना कोणत्या घड्याळाचा आहे ते स्पष्ट सांगावे. कालपट्ट्याचे नाव ‘एशिया/कोलकाता’ असेच लिहावे. ‘यूटीसी+५:३०’ असे लिहिल्यास पोस्टग्रेएसक्यूएल जुन्या पॉझिक्स संकेतानुसार अधिक चिन्हाचा अर्थ ग्रिनिचच्या पश्चिमेला असा घेते आणि वेळ अकरा तासांनी चुकते.

सावधान: ‘ॲट टाइम झोन’ ही रचना पट्टा नसलेल्या वेळेला पट्टा जोडते आणि पट्टा असलेल्या वेळेचा पट्टा काढते. एकाच रकान्यावर ती नकळत दोनदा लावली गेली तर पहिल्या वेळचे काम दुसऱ्या वेळी उलटते.

तपासा: कोळीवाड्यांत आणि कोकणच्या गावांत तिथीला तीनने गुणून चारने भागण्याचा हिशेब माहीत असतो, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती येते. हा ढोबळ हिशेब इथे फार उपयोगी पडतो. तुमच्या टेबलातल्या अमावास्या-पौर्णिमेच्या भरत्या काढा. त्या दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे असतील तर घड्याळ ठीक आहे. त्या सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास दिसत असतील, तर साडेपाच तासांचा फरक कुठेतरी शिल्लक आहे.

अस्पष्ट वेळांना एक ठोका न देता कालावधी द्यावा. ‘सकाळी’ म्हणजे ६ ते १०, केवळ तारीख म्हणजे त्या दिवसाचे ०० ते २४. यासाठी ‘टीएसटीझेडरेंज’ हा प्रकार आहे. सुरुवात समाविष्ट आणि शेवट वगळलेला असा अर्धखुला कालावधी ठेवला की रात्री बाराची नोंद दोन दिवसांत मोजली जात नाही.

४. मर्यादा ठरवा: अंतर आणि वेळ एकमेकांशी बांधलेली आहेत

मर्यादा मनाने ठरवू नये. ती पहिल्या टप्प्यातल्या उत्तरांवरून आणि वेगावरून निघते. आठ नॉट (ताशी आठ सागरी मैल) वेगाने चाललेली नौका तासाला १४.८ किलोमीटर आणि दहा मिनिटांत सुमारे अडीच किलोमीटर जाते. म्हणजे चालत्या नौकेसाठी वेळेची मर्यादा दहा मिनिटे ठेवून अंतराची मर्यादा २०० मीटर ठेवणे परस्परविरोधी आहे. वेळेत दिलेली सूट अंतराच्या काट्याने परत काढून घेतली जाते आणि खऱ्या जोड्या बाहेर पडतात. उलट, धक्क्याला बांधलेल्या नौकेचा वेग शून्य असतो. तिथे वेळेची मर्यादा तासांत असली तरी अंतराची मर्यादा काही शे मीटर ठेवता येते.

म्हणून जुळणीपूर्वी ट्रॅकरचे सुटे बिंदू मुक्कामांत बदलून घ्यावेत. बंदराच्या आखलेल्या क्षेत्रात सलग असलेले आणि एक नॉटपेक्षा कमी वेगाचे बिंदू एकत्र केले की एक मुक्काम तयार होतो. त्याला आरंभ आणि शेवट असतो. नोंदवहीतली एक ओळ सुट्या बिंदूशी जुळवण्यापेक्षा मुक्कामाशी जुळवणे कितीतरी सोपे आणि अर्थपूर्ण असते, आणि या एका पूर्वतयारीने पुढच्या अर्ध्या अडचणी नाहीशा होतात असे माझे ठाम मत आहे. धक्क्याला लागल्यावर ट्रॅकर बंद करण्याची सवय असेल, तर बंद होण्यापूर्वीचा शेवटचा बिंदू आणि पुन्हा सुरू झाल्यानंतरचा पहिला बिंदू एकाच बंदरात आहेत का ते पाहून मधला काळ मुक्कामात धरावा.

अंतराच्या मर्यादेला एक वरची सीमाही असते. दाभोळ आणि धोपावे ही ठिकाणे वाशिष्ठीच्या खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. दोन्हींना तीन किलोमीटरची मर्यादा दिली तर दाभोळला लागलेली प्रत्येक नौका धोपाव्याचीही दावेदार होते. कोणत्याही दोन शेजारी धक्क्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून मर्यादा मोठी नसावी. ते शक्य नसेल तर वर्तुळाऐवजी प्रत्येक बंदराचे क्षेत्र नकाशावर हाताने आखावे.

सरळ रेषेतले अंतर नेहमीच अर्थाचे असते असेही नाही. नौकेला खाडी ओलांडणे सोपे, मासळी नेणाऱ्या टेम्पोला तीच खाडी मोठा वळसा घालायला लावते. पावसाच्या नोंदी जोडताना तर सह्याद्री मध्ये येतो: एखाद्या तळकोकणातल्या गावाला सर्वांत जवळचे पर्जन्यमापक घाटमाथ्यावरचे असू शकते आणि तिथला पाऊस त्या गावाचा नसतो.

५. संभाव्य जोड्या काढा, निवड अजून करू नका

या टप्प्यात क्रम चुकला की उत्तर चुकते. अनेक जण आधी अंतराने सर्वांत जवळची एक नोंद घेतात आणि मग तिच्यावर वेळेची अट लावतात. मिरकरवाड्याच्या धक्क्यापासून ४० मीटरवरचा बिंदू गेल्या आठवड्यातला असतो आणि १८० मीटरवरचा आजचा. पहिला निवडला जातो, वेळेच्या अटीत नापास होतो आणि खरी जोडी कधी समोर येतच नाही. दोन्ही अटी एकत्र लावून आधी सगळ्या संभाव्य जोड्या काढाव्यात, निवड नंतर करावी.

अंतराची अट एसटी_डीविदिनने लिहावी, कारण ती जिस्ट इंडेक्स (जागा आणि कालावधी पटकन शोधू देणारी सूची) वापरते. एसटी_डिस्टन्स काढून ते मर्यादेपेक्षा लहान आहे का असे विचारले की डेटाबेस प्रत्येक जोडीचे अंतर मोजत बसतो. एसटी_बफरने वर्तुळे काढून छेद पाहणेही असेच संथ असते आणि वर्तुळ प्रत्यक्षात बहुभुज असल्यामुळे कडेला किंचित चुकते. कालावधींसाठी ‘एकमेकांवर येतात का’ ही तुलना जिस्ट इंडेक्सवरच चालते. नौकेचा क्रमांक, कालावधी आणि स्थान यांचा एकत्र इंडेक्स हवा असेल तर ‘बीट्री_जिस्ट’ हा विस्तार आधी सुरू करावा.

सावधान: वेग वाढवण्यासाठी वेळेचे तासातासाचे किंवा जागेचे चौकोनी कप्पे केले असतील तर शेजारचे कप्पेही तपासावेत. ९:५८ आणि १०:०२ यांत चार मिनिटांचेच अंतर आहे, पण त्या वेगळ्या कप्प्यांत पडतात.

६. जोड्यांना क्रम लावा आणि एकास एक करा

मीटर आणि मिनिटे यांची थेट बेरीज करू नये. अंतरातला फरक अंतराच्या मर्यादेने आणि वेळेतला फरक वेळेच्या मर्यादेने भागावा, दोन्हींचे वर्ग करून मिळवावेत. आलेली संख्या जितकी लहान तितकी जोडी चांगली. मर्यादा बंदरागणिक वेगळ्या असल्या तरी अशा संख्यांची तुलना करता येते.

त्यानंतर एका मुक्कामाला दोन नोंदी चिकटलेल्या आहेत का ते पाहावे. नोंदीच्या बाजूने सर्वांत चांगला मुक्काम आणि मुक्कामाच्या बाजूने सर्वांत चांगली नोंद एकच असेल, तीच जोडी पक्की धरावी. एकाच नौकेच्या नोंदी आणि मुक्काम यांचा काळानुसार क्रमही सारखाच असायला हवा. सोमवारची नोंद बुधवारच्या मुक्कामाला आणि मंगळवारची सोमवारच्या मुक्कामाला लागली असेल तर दोन्ही जोड्या संशयास्पद आहेत.

पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या जोडीत फारसा फरक नसेल तर निवड करू नये, ‘संदिग्ध’ अशी खूण करावी. हे अनेकांना जड जाते, कारण रिकामी जागा अपुऱ्या कामासारखी वाटते. परंतु एका नौकेची मासळी दुसऱ्या नौकेच्या नावावर जाणे ही तिच्या तांडेलावर आणि खलाशांवर अन्याय करणारी गोष्ट आहे, आणि ती रिकाम्या रकान्यापेक्षा निश्चितच वाईट आहे.

७. भरती-ओहोटी जोडताना ‘जवळची नोंद’ वापरू नका

भरतीच्या तक्त्यात फक्त पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी यांच्या वेळा व उंच्या असतात. समजा, १०:०० ला २.४ मीटरची भरती आणि १६:१२ ला ०.४ मीटरची ओहोटी आहे. जवळची नोंद घेतली तर १३:०० ला आलेल्या नौकेला ‘भरती’ आणि १३:१० ला आलेल्या नौकेला ‘ओहोटी’ मिळते, आणि प्रत्यक्षात दोघींच्या खाली जवळपास सारखेच, मध्यावरचे पाणी असते. दहा मिनिटांत दोन मीटरचा फरक दाखवणारे हे टेबल पुढे कोणत्याही हिशेबाला चालत नाही.

योग्य पद्धत अशी: नौकेच्या वेळेच्या आधीची एक आणि नंतरची एक अशा दोन नोंदी आणाव्यात आणि मधली उंची काढावी. सरळ रेषेने काढू नये, कारण पाणी टोकांजवळ हळू आणि मध्यावर वेगाने चढते-उतरते. दोन उंच्यांची सरासरी घ्यावी, त्यांच्या फरकाच्या निम्म्याला कोसाइनने गुणून ती सरासरीत मिळवावी. भरतीच्या क्षणी कोन शून्य अंश, ओहोटीच्या क्षणी १८० अंश. वरच्या उदाहरणात १२:०४ ला एकतृतीयांश वेळ झालेली असते, कोन ६० अंश, कोसाइन ०.५, म्हणून उंची १.४ अधिक ०.५, म्हणजे १.९ मीटर. सरळ रेषेने ती सुमारे १.७३ आली असती.

तक्ता कोणत्या बंदराचा आहे हेही पाहावे. मुंबईकडे भरती-ओहोटीतला फरक मोठा आणि मालवणकडे लहान असतो, त्यामुळे मुंबईच्या उंच्या सिंधुदुर्गला लावता येत नाहीत. खाडीत आत असलेल्या धक्क्यावर भरती मुखापेक्षा उशिरा पोहोचते.

८. निकालाची परीक्षा

प्रत्येक जोडीसोबत अंतरातला फरक आणि वेळेतला फरक चिन्हासह साठवावा आणि त्यांचा आलेख काढावा. निरोगी जुळणीत बहुतेक फरक शून्याजवळ असतात आणि मर्यादेकडे जाता जाता विरळ होतात. मर्यादेच्या काठाशी गर्दी दिसली तर मर्यादा तोकडी आहे किंवा एखाद्या रकान्यात ठरावीक सरक आहे. ३३० मिनिटांवर, म्हणजे साडेपाच तासांवर, उंचवटा दिसला तर तिसऱ्या टप्प्याकडे परत जावे.

मग एक टेबल जाणूनबुजून तीन दिवसांनी सरकवावे आणि सगळी जुळणी पुन्हा चालवावी. आता ज्या जोड्या लागतील त्या खऱ्या असूच शकत नाहीत. त्या नौकांच्या रोजच्या ठरलेल्या वेळेमुळे योगायोगाने लागलेल्या आहेत. रोज सकाळी सातला येणाऱ्या नौकांच्या बंदरावर ही संख्या धक्का बसावा इतकी मोठी निघते. तसे झाले तर मर्यादा आवळावी किंवा मासळीचा प्रकार, वजन, होडीचा क्रमांक असा तिसरा पुरावा जोडावा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात ट्रॉलरच्या जोड्या भरघोस लागत असतील तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली आहे का ते आधी पाहावे. ६ सप्टेंबर आणि ९ जून एकमेकांच्या जागी सहज जातात, ७ डिसेंबर तर थेट १२ जुलै होतो.

शेवटी पन्नासेक जोड्या, तितक्याच न जुळलेल्या नोंदी आणि सगळ्या संदिग्ध नोंदी छापून, बंदरावर नोंद ठेवणाऱ्या माणसासमोर बसून वाचाव्यात. न जुळलेल्या नोंदी पुसू नयेत. कारणासह त्या वेगळ्या टेबलात ठेवाव्यात: ‘संभाव्य जोडीच नाही’, ‘संदिग्ध’, ‘क्रम विसंगत’, ‘स्थान अमान्य’. त्याच टेबलाच्या शेजारी कोणत्या बंदराला कोणती मर्यादा कोणत्या तारखेला लावली हेही नोंदवावे, म्हणजे पुढच्या हंगामात मर्यादा बदलली तरी जुना निकाल पुन्हा जसाच्या तसा काढता येतो.